दमाचे उस्ताद

उस्तादांना कुणी "तब्येत कशी हाय?" असं विचारलं, तर ते उत्तर द्यायचे नाहीत. आधी विचारणाऱ्याला जीभ बाहेर काढायला लावायचे. भर रस्त्यात, पानटपरीसमोर, एकदा तर बँकेच्या काउंटरवर. समोरचा गोंधळून जीभ काढायचा, उस्ताद मान तिरकी करून ती निरखायचे आणि निकाल द्यायचे, "पापड. लोणचं. रात्री फरसाण. सोडियम चढून राहिलं तुला. दम घटणार." मग स्वतःच्या तब्येतीबद्दल एक अक्षर न बोलता पुढे चालू पडायचे. बँकेतल्या त्या बाईंनी नंतर मला हळूच विचारलं होतं, "डॉक्टर आहेत का हे?" मी म्हणालो, "न्हाई, बँडवाले आहेत."

नांदेडात इतवाऱ्याच्या एका गल्लीत उस्तादांचं दुकान होतं. एकच खोली. भिंतीवर ओळीनं टांगलेले लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, कोपऱ्यात ढोल, फळीवर कॉर्नेटची आखूड पितळी तुतारी आणि क्लॅरिनेट. पण दुकानात शिरणाऱ्याला हे सगळं नंतर दिसायचं. आधी दिसायच्या त्या बरण्या. भोपळ्याच्या बिया, तीळ, जवस, कारळ, फुटाणे, राजगिरा. छताच्या कडीला अर्धापुरी केळ्यांचा घड लटकलेला असायचा. वरातीची सुपारी द्यायला आलेला माणूस दारात थबकून, आपण किराणा दुकानात तर नाही ना आलो, म्हणून पुन्हा वरची पाटी वाचायचा.

मी तिथे पोचलो तेव्हा नुकताच बीएस्सी झालो होतो. लोह्याजवळच्या आमच्या गावातून नांदेडला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलो होतो आणि खोलीत पुस्तकांच्या समोर बसून कंटाळून गेलो होतो. गावात आमच्या शेजारी सनई वाजवणारे एक म्हातारे राहायचे, त्यांच्याकडे फुंकायला शिकलो होतो. पुढे कॉलेजात क्लॅरिनेट हाताला लागलं. लग्नसराईत कुठे वाजवायला मिळेल का, एवढंच विचारायला मी उस्तादांकडे गेलो.

ते कॉर्नेटला पॉलिश करत बसले होते. हडकुळे, उंच, मिशीला मेंदी, पायात पांढरे बूट. शेजारी गफूरभाई बसलेले. गफूरभाई म्हणजे उस्तादांचे बालमित्र, बँडमधलं ते सगळ्यात मोठं वेटोळ्याचं वाद्य, युफोनियम, वाजवायचे आणि अंगानं त्या वाद्याला शोभतील असेच होते.

"काय शिकला?" उस्तादांनी विचारलं.

"बीएस्सी. केमिस्ट्री."

त्यांच्या हातातला फडका थांबला. "म्हंजे मॅग्नेशियम माहीत हाय तुला?"

"हाव. कॉलेजात त्याची पट्टी जाळून दाखवायचे. लखलखीत उजेड पडतो."

उस्तादांनी गफूरभाईंकडे असं बघितलं, जणू मी कॉलेजात माणूस जाळल्याचं सांगितलं होतं. "मॅग्नेशियम जाळून राहिले," ते म्हणाले. "कॉलेजात. अन् वरून म्हणतात, पोरांना धाप कामून लागती."

"वाजवायला येतं का त्याला, ते तं इचार," गफूरभाई म्हणाले.

"येईल. बीएस्सी हाय."

एकही सूर न ऐकता मला कोट मिळाला. त्या दिवसापासून माझं नावही बीएस्सी पडलं. उस्तादांना क्लॅरिनेटवाला नको होता, त्यांना साक्षीदार हवा होता. ते काहीतरी ठोकून द्यायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "बीएस्सी, बरोबर हाय का न्हाई?" मी मान हलवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदा टेम्पोतून जाताना सांगितलं. त्यांचे वडीलही बँड मास्तर होते. पन्नाशी गाठायच्या आतच त्यांची छाती वाजायला लागली. "बाजा वाजायच्या जागी अब्बाच वाजायले," उस्ताद म्हणाले. चार पावलं चाललं की ते बसायचे. पुढे त्यांना कुणी वरातीत घेईना. मग ते रोज सकाळी कोट घालून दारात बसायचे आणि कॉर्नेट पुसत राहायचे. पुसून पुसून त्याच्यावरची नक्षी गेली, पण पुन्हा त्यांनी ते ओठाला लावलं नाही. एवढी एकच गोष्ट उस्तादांनी मला न हसता सांगितली.

वडील गेल्यावर काही वर्षांनी एका डॉक्टरच्या मुलीच्या लग्नात उस्तादांचा बँड होता. पंगतीत उस्ताद नेमके त्या डॉक्टरच्या शेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, माणसाचा दम कशानं जातो? डॉक्टर मनमोकळा माणूस होता. फुप्फुसातल्या नळ्यांभोवती बारीक स्नायू असतात, कॅल्शियमनं ते आवळतात, मॅग्नेशियमनं सैल पडतात, मीठ फार झालं तर दम्याच्या माणसाच्या नळ्या जास्त चिडखोर होऊ शकतात, असं त्यानं जिलबी खाता खाता समजावून सांगितलं. हात धुवायला उठेपर्यंत डॉक्टर ते विसरूनही गेला असेल. उस्तादांचा मात्र त्या पंगतीत पुनर्जन्म झाला.

"ढोलाला दोरी असती का न्हाई," ते आम्हाला सांगायचे. "ताणली तं टणटण वाजतो, सोडली तं ढप्प. फुप्फुसाचं बी तसंच हाय. ताणणारा बी पाहिजे, सोडणारा बी पाहिजे. एकटा कोणी कामाचा न्हाई."

यात चूक म्हणावं असं काही नव्हतं. अडचण एवढीच की उस्ताद तिथे थांबायचे नाहीत. सोडियम वाईट, कारण "नावच सांगून राहिलं, सोड." पोटॅशियम केळ्यात असतं आणि केळं पोटात जातं, म्हणून ते पोटाशियम. सेलेनियमला ते सलीमनियम म्हणायचे आणि हे कुणा सलीम नावाच्या भल्या माणसानं शोधून काढलं असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी एकदा दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या पुस्तकात नाव बदललं असंल. लोक बदलतात."

जस्ताची गोष्ट तर विचारूच नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळात जस्त फार झालं तर बाजा कडक होतो आणि ठोका बसला की तडकतो. शरीरातही जस्त आणि तांबं यांचा तोल सांभाळावा लागतो. हे दोन्ही खरं आहे, मी पुस्तकात बघितलं. पण त्यावरून उस्तादांनी निष्कर्ष काढला की फुप्फुस हे आतून थोडंफार पितळेचंच असणार.

गफूरभाईंनी गंभीरपणे विचारलं, "मग बिया कामून खायच्या? बाजाच चाटला तं?"

उस्तादांनी त्यावर बराच वेळ विचार केला. "पॉलिश पोटात जाईन," ते म्हणाले.

तालमीच्या आधी सगळ्यांनी ओळीनं बसून मूठभर बिया खायच्या, असा दंडक होता. कोट घातलेली दणकट माणसं मांडी घालून भोपळ्याच्या बिया सोलतायत, हे दृश्य बघायला गल्लीतली माणसं थांबायची. त्यानंतर ज्वारीची भाकर, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि बिनमिठाचा ठेचा. बिनमिठाचा ठेचा ज्यानं खाल्ला नाही त्याला मी काय सांगू? तोंडाची आग होते आणि कारण कळत नाही. उस्तादांची बायको, जिला आम्ही सगळे चाची म्हणायचो, ती भाकरी वाढताना पदराआडून चिमूटभर मीठ सरकवायची. गफूरभाई तर तिला दुवा देत देत जेवायचे. उस्तादांना हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनही ते बिया मोजल्यासारखं करत दुसरीकडे बघायचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

भोकरला एका लग्नात आम्ही लवकर पोचलो. वरातीला वेळ होता. उस्ताद स्वयंपाकाच्या मांडवाकडे निघाले, कारण यजमानांच्या वरणात मीठ किती आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लाल कोट, सोनेरी गोंडे, छातीवर पितळी बिल्ले, डोक्यावर तुरा नसलेली टोपी. आचाऱ्यानं मान वर केली आणि त्याच्या हातातला झारा गळून पडला. त्याला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्यानं एका लाथेत रंगाची पुडी टेबलाखाली ढकलली आणि हात जोडून उभा राहिला.

उस्तादांना असा मान कधी मिळाला नव्हता. त्यांनी चमचा मागितला. वरण चाखलं. भाजी चाखली. मठ्ठा चाखला. मग डोळे मिटून म्हणाले, "मीठ."

"कमी हाय का साहेब?"

"लई. येवढ्या मिठानं दम्याचा एखादा पाव्हणा आडवा झाला म्हंजे कोण जबाबदार?"

आचारी घामाघूम झाला. त्यानं वरणात पाणी ओतलं, भाजीत बटाटे कुस्करून घातले आणि पुढच्या कढईत मीठ टाकलंच नाही. पंगत बसली. पहिल्या घासाला सगळा मांडव गप्प झाला. दुसऱ्या घासाला नवरदेवाच्या आजोबांनी विचारलं, "कोणाचं सुतक हाय का?" मग मिठाची मागणी सुरू झाली. मीठ आणायला धावाधाव, वाढप्यांची आदळआपट, आणि त्या गोंधळात आचाऱ्याला सरकारी साहेब चक्क कॉर्नेट वाजवताना दिसले. तो झारा घेऊन आला. उस्ताद वाजवत वाजवतच मागे सरकत गेले, आणि आम्हीही त्यांच्यामागे वाजवत सरकत गेलो, थेट टेम्पोपर्यंत. लोकांना वाटलं, ही नवीन पद्धत असेल. काही जण आमच्या मागून नाचतही आले.

इस्लापूरच्या एका लग्नाहून परतताना त्यांनी टेम्पो सहस्रकुंडाकडे वळवायला लावला. धबधब्याला भरपूर पाणी होतं. उस्तादांनी सगळ्यांना खडकावर ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "ह्याच्या आवाजाच्या वर आपला आवाज गेला पाहिजे. मग समजायचं मॅग्नेशियम लागू पडलं." आम्ही फुंकत होतो आणि काहीही ऐकू येत नव्हतं. उस्तादांना तर कुणाचाच सूर समजत नव्हता, ते फक्त गाल बघत फिरत होते. गफूरभाईंचे गाल सगळ्यात टम्म फुगले होते. उस्तादांनी त्यांची पाठ थोपटली, तेव्हा गफूरभाईंच्या तोंडातून भजं बाहेर आलं.

उस्ताद खूप हसले. हसता हसता खोकले, आणि खोकला लवकर थांबेना. वर येताना ते मध्येच उभे राहिले आणि एका झाडाकडे बघत म्हणाले, "कोणतं झाड हाय रे हे?" सागाचं झाड होतं. पुढच्या वळणावर ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा सागाच्याच झाडाकडे बघू लागले. किनवटच्या रानात जन्म काढलेल्या माणसाइतकी सागाची ओळख त्यांना होती. मी गफूरभाईंकडे बघितलं. ते खाली बघत होते.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो. लांब सूर उस्ताद आता मला द्यायचे. "तू घे, तुझं वय हाय," म्हणायचे. बिया मात्र त्यांनी दुप्पट केल्या. जेवणातून भाकरीही गेली, नुसत्या बिया, पालक आणि केळी. चेहरा ओढला होता, पण बोलणं पूर्वीपेक्षा जोरात. "बीएस्सी, दोन महिन्यात बघ, मी सहस्रकुंड बंद पाडीन."

मे महिन्यात लातूरची सुपारी आली. नवरदेवाच्या घरच्यांना डीजे नको होता. आजोबांचा हट्ट होता, पितळी बँडच पाहिजे, तोही नांदेडचा. उस्ताद हरखून गेले. सगळे कोट धुतले, बूट पांढरे केले, आणि टेम्पोत आम्हाला सांगत राहिले की डीजेला फुप्फुस नसतं म्हणून त्याच्या गाण्यात जीव नसतो.

वरात संध्याकाळच्या मुहूर्ताची, म्हणून उन्हं अजून तापलेली असतानाच निघाली. रस्ता डाळमिलच्या बाजूनं जात होता. तुरीच्या टरफलांचा बारीक भुसा हवेत तरंगत होता, उन्हात सोन्यासारखा चमकत होता. घोड्यावर नवरदेव, मागे फुलांनी सजवलेली त्याची गाडी, पुढे आम्ही. उस्तादांनी कॉर्नेट उचललं. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांचा सूर चिरफाळला. मला वाटलं ओठ सुकले असतील. मी त्यांची जागा भरून काढली. मग बघितलं तर त्यांनी कॉर्नेट खाली केलं होतं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते श्वास ओढत होते. छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती, ढोलाच्या आवाजातही. ओठ निळसर झाले होते.

गफूरभाईंनी युफोनियम रस्त्यावर टाकलं. त्या वाद्याला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी चाचीला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि घाईघाईत म्हणाली, "पेटीत बघ. बाजाच्या पेटीत, मखमलीच्या खाली. डाक्टरनं पंप दिलेला हाय. सील बी तोडलं न्हाई त्यांनी."

खरंच होता. मी सील तोडून पंप त्यांच्या तोंडाला लावला. उस्तादांनी उरलीसुरली सगळी ताकद एकवटली आणि पंपात जोरात फुंकलं. औषध पांढऱ्या धुरासारखं माझ्या तोंडावर आलं. आयुष्यभर त्यांनी ओठाला लागलेल्या प्रत्येक वस्तूत फुंकच मारली होती. पुन्हा लावला, पुन्हा फुंकला.

"ओढा उस्ताद, ओढा," मी ओरडत होतो.

घोड्यावरून नवरदेवानं बघितलं. मामा वरात पुढे न्यायला सांगत होते, मुहूर्त जवळ आला होता. नवरदेव शांतपणे म्हणाला, "मामा, माझी गाडी द्या त्यांना. मी घोड्यावर हायेच की."

गफूरभाईंनी उस्तादांना लहान मुलासारखं उचललं आणि गाडीत ठेवलं. मी पुढे बसलो. बाकीचे ढोल-ताशावर नवरदेवाला मांडवात घेऊन गेले आणि आम्ही झेंडूच्या माळा उडवत दवाखान्यात पोचलो. बॉनेटवर वधूवरांची नावं, मध्ये कागदाचं बदामाचं चिन्ह. दवाखान्याच्या वॉचमननं दार उघडताना हसून बघितलं, आत डोकावला आणि त्याचं हसू विरलं. मग त्यानंच स्ट्रेचर ओढत आणलं.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागल्या. ऑक्सिजन, वाफेचं यंत्र, हातात इंजेक्शन. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि गफूरभाई माझा हात इतका घट्ट धरून होते की बोटं बधिर झाली. वाफ संपली, दुसरी लावली. शिट्टी कमी होईना. उलट उस्ताद थकत चालले होते, मान एका बाजूला कलली होती. डॉक्टरबाई नर्सला म्हणाल्या, "मॅग्नेशियम लावा. सलाइनमधून, सावकाश."

उस्तादांचे डोळे उघडले.

त्यांनी एक बोट वर केलं. डॉक्टरबाईंना वाटलं काहीतरी त्रास होतोय, त्या वाकल्या. उस्ताद बोटानं मला बोलवत होते. मी जवळ गेलो. मास्कच्या आत ओठ हलले, आवाज आला नाही, पण मला नीट कळलं. "बीएस्सी. बरोबर हाय का न्हाई?"

मी मान हलवली. रडत होतो की हसत होतो, ते कळत नव्हतं.

थेंब थेंब सलाइन जात राहिलं. हळूहळू खांद्यांची उचल कमी झाली, शिट्टी बारीक झाली, ओठांवर रंग आला. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि विचारलं की पंप दिलेला असताना घेतला का नाही. उत्तर मी दिलं. बिया, केळी, ढोलाची दोरी, सगळं सांगितलं. सलीमनियम मात्र गाळलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमचा आहार चांगला आहे. मीठ कमी, भाज्या, बिया, डाळी, सगळं चालू ठेवा, फक्त भाकरी सोडू नका. पण आज जे मॅग्नेशियम दिलं ते शिरेतून दिलं, बाकीच्या औषधांच्या जोडीला, आणि दम अगदी अडला होता म्हणून दिलं. बियांनी असा झटका थांबत नाही. रोजचा पंप घेतला असता तर इथे यावंच लागलं नसतं."

उस्तादांनी मास्क जरा सरकवला. "म्हंजे भोपळा बरोबर हाय?"

"भोपळा बरोबर आहे. भोपळ्याच्या भरवशावर राहणं चूक आहे."

डॉक्टरबाई गेल्यावर उस्ताद गफूरभाईंकडे वळून पुटपुटले, "नावातच हाय गफूर. मॅग-ने-शियम. मग नेईल यम. आत्ता न्हाई, मग."

"आपल्यात यम नसतो, उस्ताद," गफूरभाई डोळे पुसत म्हणाले. "आपल्यात फरिश्ता येतो."

"काम एकच हाय. खातं वायलं."

लग्न आटोपून बाकीचे सगळे आले. नर्सनं एकालाच आत थांबायची परवानगी दिली, पण ते लाल कोट एकमेकांत इतके मिसळून जायचे की तिला कळायचंच नाही आत कोण होता आणि बाहेर कोण. सकाळ झाली तेव्हा वॉर्डातले अर्धे पेशंट बँडवाल्यांशी गप्पा मारत होते आणि बाकीचे अर्धे जीभ बाहेर काढून बसले होते, कारण उस्ताद जागे झाले होते.

देवदर्शनाला निघालेले नवरदेव-नवरी त्याच सजवलेल्या गाडीतून दवाखान्यात आले. दारातच मी त्यांना काल पंपाचं काय झालं ते सांगितलं. नवरी शालू नेसलेली, हातभर हिरवा चुडा, अंगाची हळदही उतरली नव्हती. उस्ताद ओशाळले. वरात अर्ध्यावर सोडली म्हणून त्यांनी हात जोडले.

"ते जाऊ द्या काका," नवरदेव म्हणाला. "पण पंप पेटीत अन् तुम्ही रस्त्यावर, असं का?"

उस्तादांनी खिडकीकडे बघितलं. "बँड मास्तर पंपावर चालतो म्हणल्यावर त्याला कोण बोलावीन, बाबा? माझ्या अब्बाला लोकांनी वरातीतून काढलं. मला वाटलं, खाऊन पिऊन दम शाबूत ठेवू. कोणाला कळायला नको."

नवरी पलंगाजवळ आली. मग तिनं हातातली मोत्यांची पर्स उघडली, आतून एक निळा पंप काढला आणि उस्तादांच्या पलंगावर ठेवला.

"मी पण घेते," ती म्हणाली. "सातवीपासून. सासरी अजून सांगितलं न्हाई." आणि तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही.

मला वाटलं, आता काही तरी होणार. ढोलवाला दोन पावलं मागे सरकला. नवरदेवानं डोकं खाजवलं.

"मला माहीत हाय," तो म्हणाला. "काल मांडवात तुझी पर्स माझ्याच हातात होती की. टिकल्या शोधायला लावल्या तू. मी म्हणलं, सांगंल तिच्या मनानं."

नवरीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग लाज, मग ती इतकी हसली की चुडा किणकिणला. त्या हसण्यानं सगळा वॉर्ड मोकळा झाला. गफूरभाई तर भिंतीला टेकून खाली बसले.

मग तिनं उस्तादांचा पंप उचलला आणि मास्तरीण झाली. "काका, मला बीएस्सीनं सांगितलं तुम्ही ह्यात फुंकता म्हणून. फुंकायचं न्हाई. आधी सगळा श्वास बाहेर सोडा. आता तोंडात धरा. मी दाबते तसं आत ओढा. हळू. ओढा, ओढा. आता तोंड मिटा अन् दम धरून ठेवा."

उस्तादांनी ओढलं. पहिल्यांदा त्यांच्या ओठाला लागलेल्या वस्तूतून वारा उलटा, आत गेला. त्यांनी तोंड मिटलं, डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि दम धरला.

"बास काका," थोड्या वेळानं नवरी म्हणाली. "पुरे झालं."

ते सोडेनात. बोट वर करून त्यांनी तिला थांबवलं. चेहरा लाल होत होता, मिशी थरथरत होती, पण बोट हलत नव्हतं. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. नर्स औषधाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. लाल कोटांची रांग श्वास रोखून बघत होती, आणि नवरदेवही नकळत स्वतःचा दम धरून बसला होता.

डॉक्टरबाई राउंडला आत आल्या. वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "काय चाललंय इथे?"

गफूरभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसा बाई," ते कुजबुजले. "उस्ताद वाजवून राहिले."